मातीत सापडलेली बाटली: धुवावी कशी आणि कधी धुवू नये

गेल्या वर्षी एप्रिल महिन्यात डिचोली तालुक्यातल्या आमच्या घरामागे सांडपाण्याच्या टाकीसाठी खड्डा खणायला घेतला. परीक्षा नुकतीच संपली होती, त्यामुळे मी घरीच होते. चारेक फूट खाली गेल्यावर कुदळीचा आवाज बदलला. दगडावर आपटल्यासारखा ‘ठक्’ नाही, तर ‘खण्ण’. खणणारे काका थांबले, खाली वाकले आणि मातीचा एक लांबट गोळा काढून त्यांनी माझ्या हातात दिला. नळाखाली धरला तर हिरवी काच चमकली.

संध्याकाळपर्यंत त्या खड्ड्यातून सहा आख्ख्या बाटल्या निघाल्या. सोबत गोटी सोड्याच्या बाटलीची नुसती मान, चिनी मातीच्या बशीचे तुकडे आणि बरीच फुटकी काच. पूर्वी कचरा न्यायला गाडी येत नसे. प्रत्येक घराच्या मागच्या अंगाला एक खड्डा असे. जे कुजायचं ते माडाच्या मुळाशी, आणि जे कुजत नाही ते त्या खड्ड्यात. म्हणजे आमच्या पणजी-आजीनं टाकून दिलेलं सगळं साठसत्तर वर्षं तिथंच बसून होतं.

मी म्हापशाला कॉलेजात रसायनशास्त्र शिकते आणि मराठी मंडळात लिहिते. त्यामुळे त्या सुट्टीत मला काम मिळालं. बाटल्या साफ करायच्या आणि त्यांचा अभ्यास करायचा. या लेखात मी काय शिकले ते सांगते. त्यात माझ्या दोन चुका आहेत. पहिली लहान, दुसरी मोठी. त्या लपवल्या तर लेखाचा काही उपयोग नाही.

पहिली चूक

पहिली बाटली होती गडद हिरवी, जाड काचेची, बुडाशी आत खोल खळगा असलेली. दारूच्या जुन्या बाटल्या अशाच असतात. माती निघाल्यावर तिच्या अंगावर मोरपिसासारखे रंग दिसले. जांभळा, सोनेरी, निळा. मला वाटलं, तेलाचा तवंग असावा. गरम पाणी, साबण आणि भांडी घासायची तारेची घासणी घेतली आणि दहा मिनिटं जोर लावून घासलं. पाण्यात माशाच्या खवल्यांसारखे चमकणारे पापुद्रे तरंगायला लागले. बाटली स्वच्छ झाली. रंगही गेले. उरली ती खरबरीत, निस्तेज काच.

कॉलेज उघडल्यावर बाटली प्रयोगशाळेत नेली. आमचे सर तिच्याकडे बघून एवढंच म्हणाले, “तू मळ काढला नाहीस, बाटलीच थोडी काढलीस.”

त्यांचं म्हणणं समजायला काच म्हणजे काय ते आधी समजायला हवं.

काच मातीत काय सोसते

काच मुळात वाळू. शुद्ध वाळू, म्हणजे सिलिका, वितळायला सुमारे १७०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. भट्टीचा खर्च परवडावा म्हणून तिच्यात सोडा घालतात, मग ती बरीच कमी उष्णतेला वितळते. पण नुसत्या वाळूची आणि सोड्याची काच पाण्यात विरघळते. म्हणून तिसरी वस्तू हवी, चुना. चुन्यामुळे काच पाण्यापुढे टिकते. रोजच्या बाटलीत ढोबळमानानं सत्तर टक्क्यांहून थोडी जास्त वाळू, पंधराएक टक्के सोडा आणि दहाएक टक्के चुना असतो.

टिकते म्हणजे कायमची टिकते असं नाही. आपल्या गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जांभ्याची माती आम्लधर्मी. पाणी काचेला लागून राहिलं की काचेतल्या सोडियमचे आयन हळूहळू बाहेर पडतात आणि पाण्यातले हायड्रोजनचे आयन त्यांच्या जागी शिरतात. पृष्ठभागावर सोडा निघून गेलेला पातळ पापुद्रा तयार होतो. पावसाळ्यात भिजणं, उन्हाळ्यात सुकणं, असं वर्षानुवर्षं चाललं की एकाखाली एक पापुद्रे सुटतात. त्यांच्यामधून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात आणि साबणाच्या फुग्यावर दिसतात तसे रंग दिसतात. म्हणजे मी ज्याला तवंग समजले ती काचच होती. आजारी काच, पण काचच.

आणखी एक गोष्ट मला गंमतीची वाटली. ती बाटली हिरवी का? वाळूत लोखंडाचा अंश असतो म्हणून. डिचोलीची माती लोखंडामुळे तांबडी, आणि बाटली लोखंडामुळेच हिरवी. मातीत लोखंड गंजलेल्या रूपात असतं, काचेत ते बऱ्याच अंशी वेगळ्या रूपात असतं, एवढाच फरक. पांढरी काच हवी असेल तर जुने कारागीर त्यात मँगनीज घालत. ते हिरवी छटा मारतं, म्हणून त्याला ‘काचेचा साबण’ म्हणत. पण अशी काच अनेक वर्षं उन्हात राहिली की फिकट जांभळी होते. गोव्याच्या जमिनीतून लोखंडाबरोबर मँगनीजही निघालं आणि बोटींनी परदेशी गेलं, हे आपण भूगोलात शिकलोच आहोत.

बाटली वाचायची कशी

साफ करण्याआधी बाटली वाचावी. त्यासाठी फार साधनं लागत नाहीत. एक भिंग आणि एक टॉर्च पुरते.

पहिली खूण सांध्याची रेघ. साच्यात बनवलेल्या बाटलीच्या दोन्ही अंगांना उभी बारीक रेघ असते. ती रेघ मानेपाशी थांबत असेल आणि तोंड वेगळं जोडल्यासारखं दिसत असेल, तर तोंड माणसानं हातानं घडवलेलं आहे. रेघ थेट तोंडाच्या काठावरून जात असेल तर बाटली यंत्रावर झालेली. असं पूर्ण स्वयंचलित यंत्र अमेरिकेत मायकेल ओवेन्स यांनी १९०३ साली यशस्वी केलं. त्यानंतर हळूहळू जगभर यंत्राच्या बाटल्या पसरल्या.

दुसरी खूण तोंड. बुचाचं तोंड, फिरकीचं तोंड, की पत्र्याच्या झाकणाचं तोंड? दातेरी कडांचं जे पत्र्याचं झाकण आपण ओपनरनं काढतो, त्याचं पेटंट विल्यम पेंटर यांनी १८९२ साली घेतलं. त्यामुळे तसं तोंड असलेली बाटली त्याआधीची असू शकत नाही.

आमच्या खड्ड्यात मिळालेली मान गोटी सोड्याच्या बाटलीची. तिचा शोध लंडनच्या हायरम कॉड यांचा, पेटंट १८७२ सालचं. मानेत काचेची गोटी असते, तोंडात रबराचं कडं. सोड्याच्या वायूचा दाब गोटीला वर ढकलून कड्याशी घट्ट बसवतो. बूच नको, झाकण नको. अंगठ्यानं किंवा लाकडी खुंटीनं गोटी खाली दाबली की ‘फस्स’. लिंबू-सोड्याच्या गाड्यावर हा आवाज आपण सगळ्यांनी ऐकलाय. जुन्या खड्ड्यांत या बाटल्या आख्ख्या क्वचित मिळतात. कारण सरळ आहे. पोरांना बाटली नको असे, गोटी हवी असे.

तिसरी खूण उठावाची अक्षरं. इथं गोव्याची गोष्ट निराळी होते. महाराष्ट्रातल्या जुन्या घरामागे खणलं तर तळेगावच्या पैसा फंड काच कारखान्याची किंवा ओगलेवाडीच्या ओगले काच कारखान्याची वस्तू मिळण्याचा संभव असतो. पैसा फंडाचा कारखाना १९०८ सालचा, लोकांनी एकेक पैसा जमवून उभारलेला, आणि त्याला लोकमान्य टिळकांचा पाठिंबा होता. ओगल्यांचा कारखाना १९१६ सालचा, ‘प्रभाकर’ कंदिलामुळे घरोघरी पोचलेला. आमच्याकडे १९६१ पर्यंत पोर्तुगिजांचं राज्य, त्यामुळे बाटल्या समुद्रमार्गे येत. पोर्तुगालात मारिन्या ग्रांद या गावी १७६९ पासून काचेचा मोठा धंदा आहे. आपल्या बोलण्यातही त्याची खूण राहिली आहे. फेणी साठवायच्या मोठ्या पोटाच्या काचेच्या भांड्याला आपण ‘गराफांव’ म्हणतो, तो पोर्तुगीज शब्द. पेल्याला ‘कोप’ म्हणतो, तोही.

काच तेव्हा स्वस्त नव्हती. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्या आठवा. तावदानांत काच नाही, पातळ शिंपल्या बसवलेल्या. म्हणून बाटली रिकामी झाली की फेकली जात नसे. आज दारूची, उद्या खोबरेल तेलाची, परवा घासलेटाची, मग मधाची. शेवटी फुटली किंवा काही कारण घडलं तरच ती खड्ड्यात जाई. हे नीट लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे. बाटलीवरची अक्षरं तिचा जन्म कुठे झाला ते सांगतात. तिच्यात शेवटी काय होतं ते सांगत नाहीत.

साफ करण्याची रीत

पहिल्या बाटलीवर धडा घेतल्यावर उरलेल्या बाटल्या मी या क्रमानं साफ केल्या.

एक. घाई नको. मातीतून काढलेली ओली बाटली उन्हात ठेवू नये. एकदम सुकली की पापुद्रे उचलले जातात आणि काच आंधळी होते. सावलीत, ओलसर फडक्यात ठेवून सावकाश सुकू द्यावी.

दोन. हातमोजे घालावेत, काम उघड्यावर करावं, बाटलीला नाक लावून वास घेऊ नये. जुन्या औषधांत पारा, सोमल असले विषारी पदार्थ असत. निळ्या काचेच्या, कंगोरे असलेल्या, षट्कोनी बाटल्या तर अनेकदा विषासाठीच करत. अंधारातही हाताला कळावं म्हणून त्यांना कंगोरे. आत काही उरलं असेल तर ते मोरीत ओतू नये.

तीन. टॉर्च आतून-बाहेरून फिरवून तडा आहे का पाहावं. तडा असेल तर पुढचं काहीच करू नये, नुसत्या मऊ ब्रशनं माती झाडावी. मोरपंखी पापुद्रा असेल तरीही तेच.

चार. बाटली ठणठणीत असेल तर प्लॅस्टिकच्या टबात तळाशी जुना टॉवेल घालून, साध्या पाण्यात थोडा सौम्य द्रव साबण टाकून एक-दोन दिवस भिजत ठेवावी. पाणी रोज बदलावं. पाणी बाटलीइतकंच थंड हवं. काच उष्णता सावकाश वाहून नेते. गरम पाणी लागल्याबरोबर आतली बाजू फुगते, बाहेरची तशीच राहते, आणि बाटली तडकते.

पाच. आतला गाळ काढायला मूठभर तांदूळ आणि थोडं पाणी घालून हलवावं. आमची आजी तांदळाऐवजी अंड्याची कवचं चुरून घालते. दोन्ही बरोबर, कारण दोन्ही काचेपेक्षा मऊ. कवच म्हणजे कॅल्साइट, मोहच्या कठीणतेच्या मोजपट्टीवर त्याचा क्रमांक ३. काचेचा साधारण साडेपाच. वाळूचा ७. म्हणून वाळू घालून बाटली हलवली की आतून ओरखडे पडतात. चुलीच्या राखेतही वाळूचे कण असतात, तीही नको.

सहा. पांढरे खडबडीत डाग बहुधा चुन्याचे असतात. आमच्या खड्ड्यात जुन्या भिंतीचा गिलावाही टाकलेला होता, म्हणून ते आले. त्यांना आम्ल लागतं. म्हापशाच्या माझ्या एका मैत्रिणीच्या घरी माडाच्या सुरेचा शिर्का असतो, सोरपोतेलात घालायला. तिच्या आईनं एक बाटली भरून दिली. डागावर शिर्का लावला की बारीक बुडबुडे येतात. चुना विरघळून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तासाभरानं डाग पुसून निघाला. नंतर साध्या पाण्यानं दोनदा धुवावं.

सात. तांबडे डाग लोखंडाचे. आपल्या मातीत हेच जास्त. त्यांच्यावर शिर्का फारसा चालत नाही. प्रयोगशाळेत यासाठी ऑक्झॅलिक आम्ल वापरतात. ते लोखंडाला पकडून पाण्यात विरघळवतं. पण ते विषारी, घरी आणू नये. आजीनं वेगळाच उपाय सांगितला. परसात बिंबलांचं झाड आहे. तिनं चार बिंबलां ठेचून डागावर बांधली आणि रात्रभर ठेवली. सकाळी डाग फिका झाला, तिसऱ्या दिवशी गेला. नंतर मी वाचलं तेव्हा कळलं की बिंबलांत ऑक्झॅलिक आम्लच भरपूर असतं. आजी आयुष्यभर पितळेची भांडी त्यानं घासत आली. रसायनाचं नाव तिला ठाऊक नव्हतं, काम ठाऊक होतं.

आठ. सगळं करूनही काचेवर धुरकटपणा उरला तर एक परीक्षा करावी. त्यावर पाण्याचं बोट फिरवावं. ओलं असताना धुरकटपणा नाहीसा होत असेल आणि सुकल्यावर परत येत असेल, तर तो मळ नाही. ती काचेची झिजलेली त्वचा आहे. ती कशानंही धुऊन जात नाही. बाटल्या विकणारे लोक तांब्याच्या तारेचे तुकडे आणि पॉलिशची पूड घालून बाटली यंत्रात फिरवतात, तेव्हा ती चकचकीत होते. पण त्वचा सोलली जाते आणि उठावाची अक्षरंही बोथट होतात. संग्रहालयात असं करत नाहीत.

आणि काय कधीच करू नये? गंज काढायची तीव्र औषधं बाटलीवर ओतू नयेत. त्यांतल्या काहींत हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं, ते काच खातं आणि माणसाचं हाडही सोडत नाही. संडास साफ करायचं आम्ल आणि कपड्यांचं ब्लीच एकत्र करू नये, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. कॉस्टिक सोड्यात बाटली दिवसेंदिवस बुडवून ठेवू नये. काच आम्लाला बरीच दाद देत नाही, पण तीव्र क्षाराला देते.

अजून एक. आपल्या परसात सापडलं ते ठीक. जुना किल्ला, देऊळ, चर्च, पडका वाडा अशा ठिकाणी बाटल्यांसाठी खणायला जाऊ नये. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावस्तू ठरू शकते. शिवाय वस्तू जिथं सापडली ती जागाच तिची निम्मी माहिती असते. आपल्या देशातल्या काचेचा इतिहास पुरातत्त्वज्ञ मो. गं. दीक्षित यांनी लिहिला तो उत्खननात कुठल्या थरात काय मिळालं याच्या नोंदींवरूनच.

दुसरी चूक

आता शेवटच्या बाटलीविषयी. ती लहान, चपटी, पांढऱ्या काचेची. एका अंगावर उठावाची अक्षरं होती. झिजलेली, पण भिंगातून ‘लिस्बोआ’ एवढं लागलं. तोंडाच्या काठाचा टवका उडालेला. बुडाशी तपकिरी खपली सुकून बसलेली. मानेत काळा, ओला, धाग्यांचा बोळा अडकला होता. मला वाटलं, मुळं शिरली असतील. पहिल्याच दिवशी तारेचा आकडा करून मी तो ओढून काढला आणि नळाखाली सोडून दिला. गटारातून वाहून गेला.

मे महिन्यात एका दुपारी पाच बाटल्या ओळीनं पडवीत मांडल्या होत्या. सहावी बाकी होती. खपली काढायला तिच्यात शिर्का ओतणार, एवढ्यात आजी बाहेर आली. आजीचं वय ब्याऐंशी. म्हणाली, “कितें गो हें?” आणि बाटली हातात घेतली. बोट फिरवत फिरवत टवक्यापाशी थांबली. बराच वेळ बोलली नाही.

मग सांगायला लागली. बाबांच्या आधी तिला एक मुलगा होता, हे आम्हां भावंडांना उडत उडत ठाऊक होतं. घरात त्याचं नाव कोणी घेत नसे. १९६४ साली, आषाढात, त्याला ताप आला. दोन वर्षांचा होता. आजोबा पावसातून डिचोलीपर्यंत चालत गेले. त्या काळी औषध आणायला जाताना बाटली घरूनच न्यावी लागे. कंपाउंडर तिच्यात मिक्श्चर भरे आणि खाचा कातरलेली कागदाची पट्टी बाहेरून चिकटवून देई. एक खाच म्हणजे एक डोस. घरात धुतलेली तीच एक बाटली होती. तोंडाला टवका असल्यामुळे बूच नीट बसेना, म्हणून आजीनं आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी बुचाला गुंडाळून दिली होती.

“तिसऱ्या खाचेपर्यंत औषध गेलं,” आजी म्हणाली. “पुढचं तसंच राहिलं. सासूबाईंनी बाटली घरात ठेवू दिली नाही.”

मी गप्प बसले. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, तो काळा बोळा.

मुळं असतील किंवा कापसाची चिंधी असेल. ते ओळखणं अवघड नव्हतं. कापसाचा धागा सूक्ष्मदर्शकाखाली पीळ बसलेल्या चपट्या फितीसारखा दिसतो, मुळाच्या पेशी अगदी वेगळ्या दिसतात. आमच्या कॉलेजात सूक्ष्मदर्शक आहे. पाच मिनिटांचं काम. पण जे पाहायचं ते मी आधीच गटारात सोडलं होतं.

मी आजीला खरं ते सांगितलं. मानेत काहीतरी होतं, मी ते फेकलं. आजी रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, “तुका खबर नाशिल्ली.”

टवका उडालेल्या बाटल्या त्या काळी शेकडो असतील. ही तीच बाटली, की तिच्यासारखी दुसरी? काच ते सांगत नाही. बुडाशी राहिलेली खपली मिक्श्चरची, तेलाची की नुसत्या मातीची, हे तपासून पाहता आलं असतं. थोडी खरवडून कॉलेजात नेऊ का, असं मी आजीला विचारलं. ती म्हणाली, “नको.” मग मी नेली नाही. अभ्यास म्हणून हे बरोबर की चूक, यावर मी सरांशी बोलले. सर म्हणाले, “नमुना तिच्या घरातला आहे. मालकीणही तीच आहे.”

त्या बाटलीचं मी पुढीलप्रमाणे केलं. बाहेरून मऊ ब्रशनं माती झाडली, पाणी लावलं नाही. आत हात घातला नाही. तोंडावर स्वच्छ फडकं बांधलं आणि एका डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवली, कारण आमच्याकडच्या पावसाळ्यात दमटपणा फार. डब्यावर चिठ्ठी लावली. सापडल्याची तारीख, जागा, खोली, आतल्या पदार्थाला हात लावू नये ही सूचना, आणि मानेतला बोळा मी काढून टाकला ही नोंदही. पुढं कोणी ती बाटली पाहील तेव्हा त्याला माझी चूक कळायला हवी. नाहीतर त्याला वाटेल, मान पहिल्यापासूनच रिकामी होती.

डबा आजीच्या कपाटात आहे. तिनं तो मागून घेतला. त्या दिवसापासून ती त्या मुलाचं नाव घेते. परवा गणपतीची तयारी करताना, तो असता तर आज साठीचा असता, माटोळी बांधायला त्यालाच वर चढवलं असतं, असं सहज म्हणाली. बाबांनीही त्या रात्री पहिल्यांदाच आपल्या मोठ्या भावाविषयी विचारलं.

जाता जाता

मित्रमैत्रिणींनो, आपल्या भागात घरं पाडणं, टाक्या खणणं, विहिरी उपसणं चालूच असतं. त्यात कोणालाही बाटली मिळू शकते. मिळाली तर वर दिलेली रीत उपयोगी पडेल. तांदूळ घ्या, शिर्का घ्या, परसात बिंबलां असतील तर तीही घ्या. पण बाटलीतून जे निघेल ते निदान महिनाभर कागदाच्या पुडीत जपून ठेवा, मग ते कितीही घाणेरडं दिसो.

आणि टबात पाणी भरण्याआधी बाटली घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाच्या हातात द्या. ते बोलेपर्यंत थांबा.